शेतकऱ्याच्या घराची पडवी

पावसाळ्याचे चार महिने शेतकरी कुटुंबाचा बहुतेक दिवस चिखलात जातो. भातखाचरातील मनुष्य गुडघाभर गाळ घेऊन परततो. काळ्या रानातील मनुष्याच्या वहाणेला शेरभर माती चिकटलेली असते. ही माती घराच्या कोणत्या भागात उतरावयाची, या प्रश्नाचे उत्तर जुन्या घरांनी चोख दिलेले होते. कोकणात पडवी, घाटावर सोपा अथवा ओसरी, मराठवाड्यात ढेळज, विदर्भात छपरी अशी तिची नावे निरनिराळी असली तरी काम एकच. दाराशी भरलेला पाण्याचा हंडा असे, पाय धुण्यास दगड असे, भिंतीत खुंट्या असत, आणि इरले अथवा घोंगडे तेथेच निथळत राही. पाय धुतल्यावाचून आत जाण्याची कोणाची छाती होत नसे.

आज गावोगाव पक्की घरे उभी राहत आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु यांपैकी बहुतेक घरांच्या आराखड्यातून पडवी नाहीशी झाली आहे, हे मात्र समाधानकारक नाही. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) 2016 मध्ये सुरू झाली. तिच्यात घराचे किमान क्षेत्र, स्वयंपाकाच्या जागेसह, 25 चौरस मीटर ठरविलेले आहे. एवढ्या जागेत दोन खोल्या बसविताना पडवी प्रथम गळते, हे समजण्यासारखे आहे. न समजण्यासारखी आहे ती सधन शेतकऱ्याची रीत. तो दर्शनी भागी नक्षीचे खांब उभारतो, त्यांखाली गुळगुळीत चकचकीत फरशी बसवितो, आणि तेथे मोटारसायकल उभी करतो. चिखलाचे पाय त्या फरशीवरून घसरत थेट माजघरात जातात. अशा ठिकाणी वृद्ध माणसाने पाय मोडून घेतल्यास दोष पावसाला देता येणार नाही.

घर अस्वच्छ दिसते एवढ्यावर हा प्रश्न थांबत नाही. ओल्या, दूषित मातीतील अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून शरीरात शिरतात आणि पुढे रक्तक्षय घडवितात. उंदीर व गुरे यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, पायावरील लहानशा जखमेवाटे, लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होतो. कोकणातील भातशेतकऱ्यांना या रोगाची ओळख करून देण्याची गरज उरलेली नाही. याहून गंभीर बाब फवारणीच्या कपड्यांची. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर औषध फवारताना कित्येक शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि अनेकांना प्राण गमवावे लागले. फवारणी रानात संपते, पण औषध सदऱ्यावर बसून घरी येते. तो सदरा अंगात ठेवून बाप रांगत्या मुलाला उचलून घेतो, आणि तोच सदरा सायंकाळी घरच्या इतर कपड्यांत भिजविला जातो. तो धुणाऱ्या गृहिणीच्या हातांचा विचार फार थोड्या ठिकाणी होतो.

म्हणून घर लहान असो वा मोठे, पडवी हवीच. त्यासाठी वेगळी खोली बांधण्याचे कारण नाही. मागील दाराला लागून आठ फूट लांब व सहा फूट रुंद जागेवर पत्र्याचे अथवा कौलांचे एकपाखी छप्पर उतरविले तरी काम भागते. मागील दार यासाठी की शेतकरी रानातून बहुधा गोठ्याकडूनच येतो. पुढे बांधलेली पडवी पाहुण्यांची होऊन बसते. तिची जमीन घराच्या जोत्यापेक्षा सहा इंच खाली असावी. फरशी खरबरीत शहाबादी घ्यावी व सहा फुटांत दीड इंच उतार बाहेरच्या अंगास द्यावा. वहाणा किंवा गमबूट बसून काढता यावेत म्हणून भिंतीलगत सोळा इंच उंचीचा ओटा बांधावा. त्याच्या पोटात पादत्राणांचे खण निघतात. शेजारी नळाची तोटी किंवा रांजण. मोठ्यांच्या खुंट्या पाच फुटांवर, मुलांच्या तीन फुटांवर. मुलांना हात पोचला नाही तर दप्तर व ओली खोळ जमिनीवरच पडणार. खुरपी, विळे व कोयते मात्र मुलांच्या हाताबाहेर, पाती भिंतीकडे करून अडकवावेत.

शोभेकडे दुर्लक्ष करावे असे नाही. भिंतीचा खालचा तीन फुटांचा भाग गेरूच्या रंगाने रंगविल्यास चिखलाचे शिंतोडे दिसून येत नाहीत आणि वरील पांढऱ्या रंगाला उठाव येतो. गावच्या सुताराकडून घडवून घेतलेल्या सागवानी खुंट्या बाजारच्या प्लास्टिकच्या आकड्यांपेक्षा टिकाऊ असतात व दिसतातही चांगल्या.

सांडपाणी प्रथम लहान कुंडीत सोडावे, म्हणजे गाळ तेथे बसेल. मग ते मीटरभर लांब, रुंद व खोल अशा दगडगोट्यांच्या शोषखड्ड्यात न्यावे. गाळासकट पाणी सोडल्यास खड्डा एका पावसाळ्यात बुजतो व दोष खड्ड्याच्या कल्पनेला दिला जातो. फवारणीचे कपडे बाहेरच उतरवावेत, हातमोजे घालून वेगळ्या बादलीत धुवावेत, आणि ते पाणी विहीर, ओढा व अळू-केळीपासून दूर टाकावे. औषधांचे डबे पडवीत ठेवू नयेत. त्यांना कुलूपबंद व स्वतंत्र जागा हवी. धान्याची पोतीही तेथे नकोत, कारण पोत्यांमागे उंदीर येतात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी घराचा आराखडा लाभार्थ्याच्या हाती देताना हे छप्पर त्यात पेन्सिलीने का होईना आखून द्यावे, आणि ती रेघ आखताना घरच्या गृहिणीस बोलावून दार कोणत्या बाजूस हवे ते विचारावे. जोते भरण्यापूर्वी हे झाले तर उतार व नाली यांस फारसा खर्च येत नाही. जोते भरल्यावर तीच नाली काढण्यास फरशी फोडावी लागते.