शस्त्राचा हट्ट आणि वेदनेची उपेक्षा

स्तनाचा कर्करोग हाडांत, यकृतात किंवा फुप्फुसांत पोचला आहे असे निदान झाल्यावर घरातील कर्ती मंडळी डॉक्टरांपुढे पहिली मागणी ठेवतात ती बहुधा 'गाठ काढून टाका' हीच. आणि मूळ उपटले की वृक्ष वाळतो या तर्काला ती इतकी पटणारी असते, की तीस नकार देणारा डॉक्टर कर्तव्यपराङ्मुख वाटू लागतो. परंतु या तर्काची परीक्षा परळलाच होऊन गेली आहे. टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. राजेंद्र बडवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 ते 2013 या काळात, आरंभीच्या औषधांना रोगाने दाद दिलेल्या अशा 350 स्त्रियांचे दोन गट केले. एका गटावर शस्त्रक्रिया व आवश्यक तेथे किरणोपचार केले, दुसऱ्यावर केले नाहीत. आणि 2015 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की शस्त्राने आयुर्मर्यादा वाढली नाही. तुर्कस्तानातील एका चाचणीचा कौल निराळा पडला हे खरे, पण पुढे अमेरिकेतील चाचणीने परळचीच री ओढली. जखम चिघळून रक्त वाहू लागले तर शस्त्र धरावे लागते, ती गोष्ट वेगळी.

मग जमीन गहाण टाकून उभा केलेला पैसा खर्चावा कशावर? प्रथम गाठीच्या तुकड्याच्या तपासणीवर. कारण गाठ संप्रेरकांवर पोसली जात असेल तर रोजची एक गोळीसुद्धा पुष्कळदा रोगाला दीर्घकाळ आवरून धरते, आणि हर-टू प्रथिनाचा अतिरेक असेल तर ट्रास्टुझुमॅब हे औषध आहे, ज्याचा देशी पर्याय 2014 पासून बाजारात आहे. रोग निर्मूळ होणार नाही. परंतु तो सांभाळीत काही वर्षे संसार करणाऱ्या स्त्रिया आहेत, आणि उपचार किती सोसावयाचे हे ठरविण्याचा अधिकार त्यांचा आहे, बाहेरच्या बाकावर मसलत करणाऱ्या दीर-भावांचा नव्हे.

मला खरा संताप येतो तो वेदनेच्या बाबतीत. हाडांतील कळ किरणोपचाराच्या एकाच मात्रेने पुष्कळदा शमते. उरलेल्या कळेसाठी मॉर्फिन आहे. नीमच आणि गाझीपूर येथे अफूचे सरकारी कारखाने चालविणाऱ्या या देशात 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्याने परवान्यांचे असे जंजाळ उभे केले, की औषधविक्रेत्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. 2014 च्या दुरुस्तीने ते जंजाळ सोडविले, मान्यताप्राप्त संस्थेला एकाच मंजुरीवर साठा ठेवण्याची मुभा दिली. कायदा बदलला, धास्ती मात्र कायम राहिली. वैद्याच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतलेले मॉर्फिन क्वचितच व्यसन लावते, आणि वेदनाशमन हा अखेरच्या आठवड्याचा उपचार नसून निदानाच्या दिवसापासून औषधांबरोबरच चालावयाचा उपचार आहे, हे डॉक्टरांनाही पुन्हा सांगावे लागते. तेव्हा सरकारकडे मागणी एवढीच, की प्रत्येक जिल्हा रुग्णालयास ही मान्यता असावी, आणि त्याच्या मासिक अहवालात मॉर्फिनचा किती साठा आला व किती रुग्णांना दिला याचा एक रकाना सक्तीने भरून घ्यावा.