पदके तत्काळ, दफ्तरे कधी?

सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांची लष्करी सेवा अवघी सहा महिने तीन दिवसांची. १३ जून १९७१ रोजी ते पूना हॉर्स या घोडदळाच्या रेजिमेंटमध्ये अधिकारी म्हणून रुजू झाले आणि १६ डिसेंबर १९७१ रोजी, शकरगड क्षेत्रात बसंतर नदीपलीकडे, आपल्या सेंच्युरियन रणगाड्यात धारातीर्थी पडले. वय एकवीस वर्षे दोन महिने. त्याच दिवशी ढाक्यात शरणागतीच्या दस्तऐवजावर स्वाक्षऱ्या झाल्या. म्हणून दरवर्षीच्या विजय दिनी ढाक्याचे छायाचित्र आठवते. बसंतर मागे राहते.

महाराष्ट्राशी या तरुणाचे नाते निव्वळ योगायोगाचे नाही. जन्म पुण्याचा, १४ ऑक्टोबर १९५०चा. वडील सैन्याच्या अभियंता दलात. शालेय शिक्षण सनावरला. त्यानंतर १९६७ पासून खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आणि मग डेहराडून. युद्धाची चाहूल लागली तेव्हा ते अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्रात तरुण अधिकाऱ्यांचा अभ्यासक्रम पूर्ण करत होते. तेथून त्यांना रेजिमेंटकडे बोलावण्यात आले. रेजिमेंट तरी कोणती? १८१७ साली बाजीराव दुसरे यांच्याशी झालेल्या तहाच्या पार्श्वभूमीवर पुण्यात उभारलेली. घोड्यांची जागा पुढे रणगाड्यांनी घेतली, हुद्द्यांतला ‘सवार’ हा शब्द मात्र टिकला.

१५ डिसेंबरच्या रात्री ४७ इन्फन्ट्री ब्रिगेडने बसंतरच्या पैलतीरावर पाय रोवले होते. अभियंत्यांचे सुरुंग काढण्याचे काम अर्धेच झाले होते आणि समोर शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल दिसू लागली. वाट पूर्ण मोकळी होण्याची वाट न पाहता पूना हॉर्सने सुरुंगक्षेत्रातून रणगाडे पुढे घातले. लेफ्टनंट कर्नल हनुत सिंग यांच्या रेजिमेंटचा हा निर्णय युद्धशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याने बारकाईने अभ्यासावा असा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी जरपाळजवळ धुराच्या पडद्याआडून पाकिस्तानच्या १३ लान्सर्सचे पॅटन रणगाडे चालून आले. त्या लढाईत शत्रूचे दहा रणगाडे नष्ट झाले, त्यांतील चार खेत्रपाल यांनी स्वतः टिपले, असे परमवीर चक्राचे मानपत्र सांगते. आपला रणगाडा पेटल्यावर तो सोडण्याचा आदेश आला, तेव्हा तोफ अजून चालते आहे, असे कळवून ते लढत राहिले.

मी राहतो त्या जबलपूरच्या छावणीत ग्रेनेडियर्सचे रेजिमेंटल सेंटर आहे. याच लढाईत जरपाळ जिंकून ते राखणाऱ्या ३ ग्रेनेडियर्सच्या मेजर होशियार सिंग यांनाही परमवीर चक्र मिळाले. एकाच लढाईत दोन परमवीर चक्रे! तरीही या लढाईविषयी सामान्य वाचकाला जे ठाऊक आहे, ते मुख्यतः मानपत्रांतून, आठवणींतून आणि एका विलक्षण भेटीतून. २००१ साली वडील ब्रिगेडियर खेत्रपाल आपल्या मूळ गावी सरगोध्याला गेले, तेव्हा त्यांचे यजमान होते १३ लान्सर्सचे निवृत्त ब्रिगेडियर ख्वाजा महंमद नासेर. तुमचा मुलगा माझ्या हातून मारला गेला, हे त्यांनी निरोपापूर्वी त्या ८१ वर्षांच्या पित्याला सांगितले.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे अस्वस्थ व्हायला होते. पानिपतावर पडलेल्या कोवळ्या विश्वासरावाविषयी बखरकारांनी रडवेली पाने लिहिली. पण पानिपताचा इतिहास उभा राहिला तो राजवाड्यांनी १८९८ साली छापलेल्या पत्रांच्या आधारावर. त्या १७६१च्या लढाईची पत्रे आज कोणालाही वाचता येतात. बसंतरच्या युद्धदैनंदिनीबाबत तसे म्हणता येईल का?

संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने १९७१च्या युद्धाचा इतिहास १९९२ साली सिद्ध केला. लोकांपुढे तो प्रथम आला २००० साली, तोही एका वृत्तपत्राने बाहेर काढला म्हणून. ईस्टर्न कमांडमधील त्या युद्धाची कागदपत्रे नष्ट झाल्याचे वृत्त २०१० मध्ये आले. आपण १९७४ साली कमांडची सूत्रे घेतली तेव्हाच ती नाहीशी झाली होती, असे जनरल जेकब यांनीच सांगितले. शासकीय सेवेत असताना एका जिल्ह्यात, जागा हवी म्हणून अभिलेख कक्ष रिकामा होताना मी पाहिला आहे. त्यामागे कट वगैरे काही नसतो. कागदाला वाली नसतो, इतकेच.

जून २०२१ मध्ये मंत्रालयाने धोरण जाहीर केले. युद्धानंतर दोन वर्षांत समिती, पुढील तीन वर्षांत इतिहासलेखन, आणि २५ वर्षांनी ‘सामान्यतः’ नोंदी खुल्या. धोरण चांगले आहे. पळवाट तपशिलात आहे. जुन्या नोंदी राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जायच्या त्या इतिहास लिहून झाल्यानंतर. म्हणजे इतिहास रखडला की दफ्तरही रखडले. १९७१ पुरती तर ही सबबही उरत नाही, कारण इतिहास कधीच लिहून झाला आहे. किती युद्धदैनंदिन्या अभिलेखागारात पोहोचल्या, किती रोखल्या आणि का, याचा आकडा मंत्रालयाने दरवर्षी संसदेच्या स्थायी समितीपुढे ठेवावा. गोपनीयतेचा आक्षेप मला ठाऊक आहे. पण सेंच्युरियन केव्हाच सेवेतून गेले. खेत्रपाल यांचा ‘फामागुस्ता’ रणगाडा अहिल्यानगरला जतन करून ठेवला आहे.

सन्मानांत आपण कमी पडलो, असे कोणी म्हणणार नाही. खडकवासल्याच्या संचलन मैदानाला खेत्रपाल यांचे नाव आहे, २०२३ पासून अंदमानातील एका बेटालाही. मात्र त्या रणगाड्यात चौघे होते. बिनतारी संच सांभाळणारे सवार नंद सिंग तेथेच मरण पावले. चालक प्रयाग सिंग आणि तोफची नथू सिंग वाचले व युद्धकैदी झाले. ही नावे किती जणांनी ऐकली असतील? मानपत्र एकाचे असते. दैनंदिनीत सगळ्यांची नोंद होते, म्हणून मला मानपत्रापेक्षा तिचे मोल अधिक वाटते.

कागद नसेल तेथे साक्ष तरी घ्यावी. डिसेंबर १९७१ मध्ये वीस वर्षांचा असलेला जवान आज पंच्याहत्तरीच्या आसपास आहे. त्याचा पत्ता निवृत्तिवेतनाच्या नोंदीत आहे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही आहे. विद्यापीठांच्या इतिहास विभागांत पदव्युत्तर विद्यार्थी आहेत आणि ध्वनिमुद्रक तर प्रत्येकाच्या खिशात आहे. सातारा, कोल्हापूर आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांपासून सुरुवात करायला केंद्राच्या परवानगीचीही गरज नाही.