मुंबईहून लंडन किती दूर?

विज्ञानाने जग लहान केले, असे म्हणण्याचा प्रघात पडला आहे. मुंबईहून निघालेले विमान सुमारे साडेनऊ-दहा तासांत लंडनला पोहोचते, हे पाहिले म्हणजे ते म्हणणे कोणासही पटावे. परंतु जग तसूभरही लहान झालेले नाही. या दोन नगरांमधील सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे आणि शिवकाळीही ते तेवढेच होते. कमी झाला तो प्रवासाचा काळ. आणि त्याचे सारे श्रेय यंत्राला देणे न्यायाचे होणार नाही.

पूर्वी मुंबईहून विलायतेस जाणारे गलबत संपूर्ण आफ्रिका खंडास वळसा घालून जात असे. तो जलमार्ग सुमारे २०,००० किलोमीटरांचा होता आणि शिडांच्या जहाजांना त्यास कित्येक महिने लागत. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि हा मार्ग जवळजवळ निम्म्यावर आला. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून आगबोटीने निघालेले तरुण गांधीजी त्याच महिन्याच्या अखेरीस इंग्लंडच्या किनाऱ्यास लागले. पुढे ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ या विमानाने मुंबई सोडली आणि वाटेत कैरो व जिनिव्हा येथे उतरून दोन दिवसांच्या आत लंडन गाठले. आठवड्यांचे दिवस झाले, दिवसांचे तास झाले. येथवर यंत्राचा पराक्रम निर्विवाद आहे.

पण १९६७ साली इस्राएल व अरब राष्ट्रे यांच्यात युद्ध पेटले आणि सुएझचा कालवा बंद पडला, तो १९७५ पर्यंत. त्या आठ वर्षांत जहाजांची यंत्रे काही दुबळी झाली नव्हती. तरीही त्यांना पुन्हा आफ्रिकेचा जुना वळसा घेणे भाग पडले. शेजाऱ्यांच्या कलहाने अंतर वाढते ते असे!

आकाशात तरी वाट मोकळी असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. पृथ्वीच्या गोलावर मुंबई व लंडन यांच्यामध्ये दोरा ताणून धरावा. तो पाकिस्तान, इराण, कास्पियन समुद्र, काळा समुद्र, युक्रेन आणि पोलंड यांवरून जातो. सर्वांत जवळची वाट हीच. (सपाट नकाशावर पट्टीने आखलेली रेघ येथे फसवी ठरते.) परंतु २०२२ साली रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांना बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपल्या आकाशात मज्जाव केला, भारतानेही तसेच प्रत्युत्तर दिले. मग विमानांनी समुद्रावरून लांबचा फेरा घेतला. इंधन अधिक जळले, वेळ अधिक लागला.

वाऱ्याचीही अडवणूक असतेच. उंच आकाशात पश्चिमेकडून वेगाने वारे वाहतात, म्हणून लंडनला जाताना लागणारा वेळ परतीच्या प्रवासाहून बहुधा अधिक असतो. पण जाताना अडविणारा वारा येताना पाठीशी उभा राहतो. बंद केलेली सीमा जाणाऱ्याला आणि येणाऱ्याला सारखीच अडविते, आणि खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला ती दिसतही नाही. त्याला दिसतो तो खाली पसरलेला समुद्र, आणि घड्याळात उलटून गेलेली पोहोचण्याची वेळ.