तेवीस गोष्टींची शिकवणी

दुकानात नवा माल येतो, गिऱ्हाईक त्याविषयी विचारते आणि गादीवरच्या माणसाला त्याची काहीच माहिती नसते. अशा वेळी "ठाऊक नाही" हे दोन शब्द उच्चारणे फार जड जाते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ग्रंथालयातील देवघेवीच्या टेबलामागे बसणाऱ्यांवर हा प्रसंग वारंवार येऊ लागला. पुस्तक मागण्याऐवजी वाचक विचारू लागले की, छायाचित्रे इंटरनेटवर कशी ठेवावीत, ध्वनिमुद्रित पुस्तक खिशातल्या यंत्रात कसे उतरवावे. ज्यांची हयात सूचिपत्रांच्या खणांत गेली होती, ते एखाद्या तरुण सहकाऱ्याकडे बोट दाखवीत. त्या बोट दाखविण्यात थोडी लाज असे आणि आपली गरज आता संपत चालली, ही भीतीही असे.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या शार्लट शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २००६ साली या भीतीवर एक वेगळाच उपाय योजला. तेथील तंत्रज्ञान विभागाच्या प्रमुख हेलीन ब्लोअर्स यांनी कर्मचाऱ्यांसाठी इंटरनेटवर करून पाहावयाच्या २३ गोष्टींची यादी तयार केली. स्टीफन एब्रम या ग्रंथपालांनी त्याच वर्षी एका लेखात अशा ४३ गोष्टी सुचविल्या होत्या. कल्पनेचे मूळ तेथे आहे. वर्ग भरले नाहीत, शिक्षक नेमले नाहीत. ज्याने त्याने आपल्या गतीने एकेक साधन हाताळावे, अडल्यास शेजारच्याला विचारावे आणि काय उमगले, काय उमगले नाही, ते आपल्याच शब्दांत लिहून ठेवावे, एवढाच नियम. सगळ्या गोष्टी पूर्ण करणाऱ्यास एक एमपी३ प्लेअर भेट मिळणार होता. बक्षिसाची ही निवड व्यापारी बुद्धीला पटण्यासारखी आहे. ज्या जातीच्या यंत्राविषयी वाचक विचारीत होते, तेच यंत्र कर्मचाऱ्याच्या हाती पडले आणि शिक्षणाचा पुढचा भाग आपोआप घरी सुरू झाला.

यादीत छायाचित्रांसाठी फ्लिकर होते, बातम्यांचे प्रवाह एकत्र वाचण्याची सोय होती, संगणकात न साठविता इंटरनेटवरच मजकूर लिहिण्याची साधनेही होती. परंतु मुरलेल्या सूचीकाराला खरा धक्का देणारी गोष्ट होती ती खुणेच्या शब्दांची. डिलिशस या सेवेत आवडलेली पाने साठविताना आणि लायब्ररीथिंगवर आपल्या पुस्तकांची यादी करताना प्रत्येकाला मनास येईल तो शब्द खूण म्हणून जोडता येई. सूचीकाराचे शास्त्र याच्या अगदी उलट. पुस्तकाला फडताळात एकच जागा आणि विषयाला एकच प्रमाण नाव. आपल्या लहरीप्रमाणे शब्द वापरणे हा तेथे अपराधच.

प्रमाण नावांचा हा हट्ट वृथा नव्हता. त्यावाचून लाखो ग्रंथांत शिस्त राहिली नसती. मात्र दुकानदार मालाला एका नावाने ओळखतो आणि गिऱ्हाईक दुसऱ्याच नावाने मागते, ही अडचण ग्रंथालयालाही चुकलेली नाही. स्वयंपाकाच्या पुस्तकांसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या विषयसूचीत 'कुकरी' हे जुने नाव चालत आले होते. बोलण्यात मात्र सारी अमेरिका 'कुकिंग' म्हणत होती. सूचीत हा शब्द बदलण्यास २०१० साल उजाडावे लागले. वाचकांनी सहज दिलेल्या खुणा पाहताना सूचीकाराला प्रथमच कळत होते की, आपण ज्याला अमुक म्हणतो त्याला टेबलापलीकडचा माणूस काय म्हणतो. हे ज्ञान कोणत्याही व्याख्यानातून मिळाले नसते.

शार्लटच्या ग्रंथालयाने आपला अभ्यासक्रम इतरांना वापरण्यास खुला ठेवला आणि तो झपाट्याने पसरला. ऑस्ट्रेलियातील यारा प्लेंटी ग्रंथालयाने तो लवकरच उचलला. २०१० साली ऑक्सफर्ड व केंब्रिज विद्यापीठांतील ग्रंथपालही आपापल्या तेवीस गोष्टी गिरवीत होते. नक्कल करणाऱ्यांनी यादी घेतली, बक्षीसही घेतले. पण कर्मचाऱ्याला टेबलावरून उठून चुका करण्याइतकी मोकळीक देणे, हा या योजनेतला सर्वांत महागडा भाग. तो हिशेबात न धरता असे प्रयोग आरंभणे म्हणजे बियाणे विकत घेऊन पाण्याची सोय न करणे.

साधनांचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. डिलिशस याहूकडून इतरांच्या हाती फिरत फिरत २०१७ साली नव्या नोंदींसाठी बंद झाले. बातम्या वाचण्याचे गुगल रीडर १ जुलै २०१३ रोजी थांबले. वापरणाऱ्यांना आपली यादी उतरवून घेण्याची सोय तेवढी मिळाली. ज्यांनी आपला संचय दुसरीकडे हलविता येतो की नाही हे आधीच पाहून ठेवले होते, त्यांचे काम एका संध्याकाळी आटोपले. बाकीच्यांची वर्षांची जमवाजमव गेली. परक्याच्या वखारीत माल ठेवताना पावती मागणारा व्यापारी येथेही तोच प्रश्न पहिल्याने विचारील, आणि टेबलाशी आलेल्या वाचकाला तो प्रश्न सुचविणे हे आता ग्रंथालयातील माणसाचे काम झाले आहे.

लायब्ररीथिंग मात्र आजही चालू आहे. पूर्वी २०० पुस्तकांच्या पुढे नोंदींसाठी पैसे भरावे लागत. २०२० साली ती अट उठविण्यात आली. घरातील कपाटभर पुस्तकांची यादी करावयाची असेल, तर तेथे आरंभ करता येतो. आणि केलेली यादी उतरवून घेण्याचीही सोय तेथे आहे.