पाटी कुणासाठी?

फ्लॉरिडातल्या ‘वॉल्ट डिस्ने वर्ल्ड’ला मी दोनदा गेलो. पहिल्यांदा २०१४ साली. तेव्हा आमची ही बरोबर होती. दुसऱ्यांदा २०२४ च्या डिसेंबरात. तेव्हा ती नव्हती. मधल्या दहा वर्षांत तिथे काय काय बदलले, याची यादी मुलाने निघतानाच ऐकवली होती. नवे पाळणे, नवी हॉटेले, वाढलेले तिकीट. त्या यादीत रस्त्यावरच्या पाट्या नव्हत्या, आणि मी अडखळलो तो नेमका तिथेच.

ज्यांनी ही जागा पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हा नुसता एक मोठा बगीचा नव्हे. सुमारे चाळीस चौरस मैलांचा, म्हणजे शंभर चौरस किलोमीटरांचा हा पसारा आहे. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची जुनी मुंबई त्यात मावेल आणि वर जागा उरेल. १ ऑक्टोबर १९७१ रोजी ‘मॅजिक किंगडम’ उघडले, १९८२ साली ‘एपकॉट’, १९८९ साली चित्रपटांचे उद्यान आणि १९९८ साली ‘ॲनिमल किंगडम’. एकातून दुसऱ्यात जायचे तर मोठे रस्ते, पूल, फाटे. आणि रस्त्यावर कोण? बहुतेक परगावची माणसे. गाडी भाड्याची, रस्ता अनोळखी, मागच्या सीटवर भुकेली पोरे.

अशा ठिकाणी पाटीचा हिशेब बघण्यासारखा असतो. (बँकेत पस्तीस वर्षे काढली, हिशेबाची खोड जात नाही.) अमेरिकेत एक इंच उंचीचे अक्षर सुमारे तीस फुटांवरून वाचता यावे, असे धरतात. म्हणजे फूटभर उंचीचे अक्षर तीनशे साठ फुटांवरून दिसेल. ताशी ऐंशी किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला बावीस मीटर कापते. तुमच्या हातात राहिली जेमतेम पाच सेकंदे. तेवढ्यात पाटी दिसायची, वाचायची, कळायची आणि आरसा बघून गाडी उजवीकडे घ्यायची!

१९९० च्या आसपास हे गणित डेबोरा ससमन या बाईंच्या संस्थेने सोडवले होते. लॉस एंजलीसच्या १९८४ च्या ऑलिंपिकला रंगीबेरंगी रूप देणाऱ्या त्या ह्याच. चार्ल्स आणि रे ईम्स या जोडप्याच्या हाताखाली त्या तयार झालेल्या. ह्या जोडप्याने १९५८ साली आपल्या सरकारला एक अहवाल दिला होता, त्यात भारतातली सर्वांत सुंदर वस्तू म्हणून आपल्या साध्या लोट्याचे कौतुक होते. पिढ्यान्‌पिढ्या वापरणाऱ्या हातांनी त्याला आकार दिला, म्हणून. त्यांच्या शिष्येने डिस्नेसाठी जांभळ्या रंगाच्या, लाल-पिवळ्याची जोड दिलेल्या पाट्या केल्या. सरकारी हमरस्त्यावरच्या पाट्या हिरव्या, भोवतालची झाडीही हिरवी. त्यात जांभळे काही दिसले की समजावे, आपण आत आलो.

आमच्या हिला इंग्रजी वाचता येत असे, पण धावत्या गाडीतून नव्हे. गाडी लागते म्हणून ती पुढे बसलेली. पहिली जांभळी पाटी दिसली आणि ती म्हणाली, “अहो, वेस लागली!” पुढचे चार दिवस तिने नावे अशी वाचलीच नाहीत. जांभळे दिसले की निर्धास्त, हिरवे दिसले की मुलाला म्हणायची, “अरे, वेशीबाहेर आलास.” आणि दर वेळी तिचे बरोबर असायचे.

२०२२ च्या सुमारास तिथे निळ्या पाट्या येऊ लागल्या आणि टप्प्याटप्प्याने जांभळ्या गेल्या. मला याचा पत्ता नव्हता. मी हिच्या जागी पुढे बसलो होतो. मुलाच्या फोनवर कोणाशी तरी बोलणे चालू होते, तो म्हणाला, “बाबा, एपकॉटचा फाटा आला की सांगा.” मी डोळे ताणून जांभळे शोधत राहिलो. फाटा गेला. पाच मैल पुढे गेल्यावर मागून सात वर्षांची नात म्हणाली, “आजोबा, मघाशी निळ्या पाटीवर लिहिलं होतं की!”

मला राग आला, आणि तो राग चूक झाल्याचा नव्हता. चांगले चालले होते, मग बदलले कशाला, या जातीचा होता. ओळखीच्या घराचे दार कुणी न विचारता रंगवावे तसे वाटले. घरी गेल्यावर यावर एक खरमरीत लेख लिहायचा, असे मी गाडीतच ठरवले. हा तो लेख नव्हे. कारण रात्री मला आमच्या शाखेतल्या एका म्हातारबाई आठवल्या.

१९९०च्या दशकात एका तालुक्याच्या गावी मी शाखाधिकारी होतो. काउंटरांची मांडणी बदलायचा हुकूम आला. मी हौसेने नव्या पाट्या रंगवून घेतल्या. अक्षर ठळक, खिडकीवर आकडे. एक तारखेला पेन्शनची गर्दी. या बाई पितळी टोकन मिळेल या आशेने तासभर तीन नंबरला उभ्या होत्या, आणि त्या खिडकीवर स्वच्छ मराठीत ‘डिमांड ड्राफ्ट’ लिहिले होते. मी म्हणालो, “आजी, पाटी वाचायची ना!” त्या म्हणाल्या, “साहेब, दहा वर्षं इथंच पैसे मिळतात. पाटी कशाला वाचू?”

त्यांचे बरोबर होते. माझी पाटीही बरोबर होती. चूक होती ती पाटी बदलून मी केबिनमध्ये जाऊन बसलो, ही. पुढचे तीन महिने एक तारखेला शिपायाला दाराशी उभे केले आणि जुन्या खिडकीखाली एक पुठ्ठा लावला: ‘पेन्शन आता पाच नंबरला’.

मला विचाराल तर पाटी प्रथम नवख्याची. जो कधी आलेला नाही, ज्याच्या हातात पाच सेकंदे आहेत, त्याला ती कळली पाहिजे. त्याच्यासाठी रंग बदलावा लागला तर बदलावा. माझ्या आठवणींसाठी कुणी शंभर चौरस किलोमीटर जांभळे ठेवावे, हा हट्ट झाला. पण पाटीचा दुसराही एक धनी असतो: ती न वाचता तिच्यावर विसंबणारा. बदल करणाऱ्याने त्याचा हात काही दिवस धरायचा असतो. रस्ता असो, बँक असो की इस्पितळ, आपण नवी पाटी थाटात लावतो आणि हा पुठ्ठा लावायचे विसरतो.

मुलाचे म्हणणे, आता फोनच रस्ता सांगतो, पाट्या कोण बघतो? फोन वळायला सांगतो हे खरे. पण तो एका गाडीपुरता बोलतो आणि जिथे जायचे नाही त्या जागांची नावे सहसा सांगत नाही. पाटी सगळ्यांशी बोलते. त्या दिवशी आमचा फोन दुसऱ्याच कामात होता, आणि गाडीत वाट ठाऊक होती ती फक्त पाटी वाचणाऱ्या मुलीला.

परतीच्या दिवशी मी मुद्दाम तिला पुढच्या सीटमागे, खिडकीशी बसवले. झाडी मागे पडली, शेवटची निळी पाटी गेली, पहिली हिरवी आली. नात काच खाली करून मागे बघत राहिली आणि म्हणाली, “आजोबा, निळं संपलं.”

मी म्हटले, “हो. आपण वेशीबाहेर आलो.”

“वेस म्हणजे काय?” तिने विचारले. विमानतळ येईपर्यंत मी तिला आजीची गोष्ट सांगत होतो.