औषधयोजना वैद्याची, औषधदान परिचारिकेचे

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगताना उपस्थात्याला वैद्य आणि द्रव्य यांच्या पंक्तीला बसविले व त्याच्या गुणांत उपचारज्ञतेला पहिले स्थान दिले, हे आपण विद्यार्थिदशेपासून पाठ केलेले आहे. परंतु आपल्या आंतररुग्ण विभागात आज उपस्थात्याचे काम करणाऱ्या परिचारिकेने ही उपचारज्ञता मिळवावी कोठून, याचा विचार आपण क्वचितच करतो. तिचे शिक्षण आधुनिक वैद्यकाच्या चौकटीत झालेले असते. तिने वाचावयाचा कागद मात्र आपल्या परिभाषेत असतो.

काही वर्षांपूर्वी पुण्यातील एका लहान रुग्णालयात मी काम करीत असतानाचा प्रसंग सांगतो. चूक माझी होती, हे आधीच नमूद करतो. अम्लपित्त व उलट्या या तक्रारींसाठी दाखल झालेल्या एका गर्भिणीस मी लघुसूतशेखर योजले आणि केसपेपरवर घाईने ‘ल. सू. शे. 2-0-2 अपान’ एवढेच लिहिले. त्यातील ‘ल’ माझ्या हस्ताक्षरात रेघेसारखा उमटला असावा. कपाटातून सूतशेखराचा डबा निघाला आणि दोन वेळा त्याच गोळ्या दिल्या गेल्या. तिसऱ्या वेळी पाळीवर असलेल्या द्वितीय वर्षाच्या विद्यार्थिनीने डब्यावरचा मजकूर वाचला व ती थेट माझ्याकडे आली. “सर, यावर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे असं लिहिलंय. गरोदर बाईंना द्यायचं ना? आणि अपान म्हणजे काय ते कळलं नाही, म्हणून काल जेवणानंतर दिलं.”

लघुसूतशेखर म्हणजे सोनगेरू, सुंठ आणि नागवेलीच्या पानांचा रस. सूतशेखरात पारद, गंधक, ताम्रभस्म, वत्सनाभ आणि धोत्र्याचे बीज आहे. दोन्ही कल्प उत्तम आहेत, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही, गर्भिणीत तर नाहीच. सुदैवाने त्या भगिनीस काही अपाय झाला नाही. औषध चुकले आणि कालही चुकला, तो माझ्या एका ओळीमुळे. आणि ते उघडकीस आले एका विद्यार्थिनीच्या वाचण्याच्या सवयीमुळे.

ही सवय तिला शिकविली जाते. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ या पाच गोष्टी तपासल्याखेरीज हात पुढे करू नये, हा परिचारिका शिक्षणातील प्राथमिक पाठ आहे. शंका आल्यास औषध थांबवून विचारावे, हाही त्याचाच भाग. आपल्याकडे हे नवीन आहे असे कोणी समजू नये. सुश्रुतांनी दहा आणि शार्ङ्गधरांनी पाच औषधकाल सांगितले, ते योग्य वेळेचेच शास्त्र आहे. अडचण इतकीच की ‘अपान’, ‘व्यानोदान’, ‘सग्रास’ हे शब्द आपण तिला न शिकविता तिच्यापुढे ठेवतो. मात्रेची तीच कथा. ‘2 गुंजा’ म्हणजे 250 मिलिग्रॅम हे तिला कोणी सांगितले? ‘2 चमचे अरिष्ट’ हे 5 मिलिलिटरच्या चमच्याने 10 मिलिलिटर होते आणि 15 मिलिलिटरच्या चमच्याने 30. मार्गाचे म्हणावे तर स्नेहपानाचे घृत आणि अभ्यंगाचे तेल एकसारख्या, चिठ्ठी नसलेल्या बाटल्यांत शेजारी शेजारी ठेवलेले मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे.

कालाविषयी आणखी एक गोष्ट, जी आपल्यापैकी अनेकांच्या लक्षात येत नाही. आज आपल्याकडे येणाऱ्या कितीतरी रुग्णांना सकाळी अनशेपोटी थायरॉइडची गोळी चालू असते. त्याच वेळी आपण लोहभस्म किंवा शंख, प्रवाळ, मौक्तिक यांसारखे चुन्याचे कल्प अपानकाली दिले, तर लोह व कॅल्शियम यांमुळे त्या गोळीचे शोषण घटते. दोहोंत किमान चार तासांचे अंतर हवे. हे परिचारिकेला बहुधा ठाऊक असते; पण ‘प्र. पं.’ म्हणजे प्रवाळपंचामृत आणि त्यात काय असते, हे ठाऊक नसल्याने ती अंतर ठेवू शकत नाही.

आता औषधालयांच्या मालकांना थोडे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या नियम 161 प्रमाणे, अनुसूची ‘ई-1’ मधील द्रव्ये असलेल्या पोटात घ्यावयाच्या कल्पाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीचा इशारा इंग्रजी व हिंदी या दोन्ही भाषांत छापावा लागतो. वत्सनाभ, धत्तूर, भल्लातक, पारद, हिंगूळ ही सर्व त्या सूचीत आहेत. पण मोठ्या डब्यातून गोळ्या काढून आपण पुडीत बांधतो, तेव्हा इशारा डब्यावरच राहतो आणि गोळ्या घरी जातात. त्या दिवशी विभागात डबा नसता, नुसती पुडी असती, तर त्या विद्यार्थिनीला विचारण्यास काही कारणच उरले नसते. पुडीवर पूर्ण नाव, घटक क्रमांक, मात्रा आणि इशारा असलेली छापील चिठ्ठी लावण्यास खर्च येतो, गर्दीच्या वेळी हात थांबतो, ही तक्रार मी ऐकली आहे व ती खोटी नाही. निदान अनुसूचीतील कल्पांपुरते तरी हे करता येण्यासारखे आहे.

केरळात आयुर्वेदीय परिचारिकांसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम चालतात. आपल्याकडे तो होईल तेव्हा होवो. परिचारिका शिक्षण पुण्याला नवे नाही. रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने विसाव्या शतकाच्या आरंभीच मुलींना ससून रुग्णालयात या शिक्षणासाठी पाठविले, आणि तेही समाजाचा रोष पत्करून. त्या मानाने मी सुचवितो ते फारच थोडे आहे. ज्या रुग्णालयांत विद्यार्थिनी अनुभवासाठी येतात, तेथे पहिल्याच दिवशी एका वैद्याने दुपारचे दोन तास द्यावेत. औषधकाल मराठीत समजावावेत, विभागातील वीस-पंचवीस कल्प प्रत्यक्ष हाती द्यावेत, सारख्या नावांच्या जोड्या वेगळ्या दाखवाव्यात. आणि आपण स्वतः नाव संक्षेपात लिहिणे सोडावे.

मी आता ‘लघुसूतशेखर, 250 मिलिग्रॅमच्या 2 गोळ्या, सकाळ-संध्याकाळ जेवणापूर्वी, कोमट पाण्यातून’ असे लिहितो. ओळ लांबते, केसपेपर लवकर भरतो, आणि आमच्या कार्यालयातून जादा कागदांविषयी अधूनमधून विचारणा होते.