चढाचा दम आणि छातीचा दाब

"डॉक्टरसाहेब, बाबा सायकलने चिखलदरा चढायचं म्हणतात. तुम्हीच त्यांना नाही म्हणा." दसऱ्याच्या सुमारास बोरी अरब येथील माझ्या दवाखान्यात एका मुलाने ही विनंती केली. बाबा म्हणजे सदुसष्ट वर्षांचे निवृत्त मुख्याध्यापक. चार वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसविलेला. रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या सुरू. दारव्हा रस्त्यावर रोज पहाटे सायकल चालविणाऱ्या आम्हा पाच जणांपैकी ते एक. मी नाही म्हटले नाही. हृदयरोगतज्ज्ञांकडून तपासणी व ट्रेडमिल चाचणी करून त्यांची संमती आणावी आणि मुलाने गाडी घेऊन आमच्या मागे राहावे, एवढ्या दोन अटी घातल्या.

मुलाची भीती निराधार नव्हती. सपाट रस्त्यावर दमलेला मनुष्य पायडल थांबवून क्षणभर विसावू शकतो. चढावर ती सवलत नाही. आपले वजन आणि सायकलचे वजन प्रत्येक फेऱ्यासरशी वर उचलावे लागते. परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे चिखलदरा सुमारे तीस किलोमीटर; तेवढ्यात सातशेएक मीटर उंची चढायची. हृदयाला इतका वेळ सलग काम करण्याची सवय हवी. ती सवय उतारवयातही लागते, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. फ्रान्सचे सायकलपटू रॉबेर मार्शां यांनी २०१२ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, एका तासात चोवीस किलोमीटरहून अधिक अंतर कापले. दोन वर्षांनी, एकशे दोनाव्या वर्षी, तेच अंतर सव्वीस किलोमीटरच्या पुढे गेले. मधल्या काळात शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली त्यांचा सराव चालू होता आणि शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता प्रत्यक्षात वाढलेली आढळली. अर्थात मार्शां हे मार्शां. आपण आपल्या प्रकृतीप्रमाणेच चालावे.

कोजागिरीनंतरच्या रविवारी उजाडताच आम्ही परतवाडा सोडले. शरदातल्या विदर्भाचे वागणे दुटप्पी असते. पहाटे अंगावर शहारा येतो आणि दहाच्या पुढे ऊन भाजून काढते. म्हणून चढ सकाळीच उरकणे शहाणपणाचे. वेग ठरविला मुख्याध्यापकांनी. त्यांना हृदयगती मंद ठेवणारी गोळी असल्याने मनगटावरच्या घड्याळातले नाडीचे आकडे त्यांच्या उपयोगाचे नव्हते. त्यांना मी एकच खूण सांगितली होती : चढताना एक पुरते वाक्य बोलता आले पाहिजे, शब्द तुटू लागले की उतरायचे आणि सायकल हाती धरून चालायचे. ते तीनदा उतरले, संकोच न करता.

संकोच केला तो दुसऱ्याने. अठ्ठेचाळीस वर्षांचे आमचे दुकानदार मित्र. कोणतीही गोळी नाही, कोणताही आजार माहीत नाही, सर्वांच्या पुढे. एका वळणावर ते कठड्याला टेकून उभे दिसले. कपाळावर गार घाम. "ॲसिडिटी झाली, सकाळचे पोहे बाधले," म्हणाले. छातीच्या मध्यभागी दगड ठेवल्यासारखे वाटत होते, डावा जबडा दुखत होता; हे मात्र तीनदा विचारल्यावर सांगितले. त्यांना बसविले, रक्तदाब पाहिला, जिभेखाली गोळी दिली आणि मुख्याध्यापकांच्या मुलाच्या गाडीतून थेट परतवाड्यास आणून ईसीजी काढला. पुढे अँजिओग्राफीत एक रक्तवाहिनी बरीच अरुंद झालेली निघाली. वेळेत उपचार झाले; आज ते दुकानात बसतात. दोन्ही कुटुंबांच्या अनुमतीनेच हे लिहीत आहे.

चढाचा दम थांबल्यावर दोन-चार मिनिटांत ओसरू लागतो. माणूस हसू-बोलू लागतो. छातीत दाब वा आवळल्यासारखे वाटणे, ते खांद्याकडे, हाताकडे किंवा जबड्याकडे सरकणे, गार घाम, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, ही लक्षणे वेगळी. वृद्धांत व मधुमेहींत छाती न दुखता केवळ अवाजवी दम किंवा गळून गेल्यासारखे वाटणे एवढीच खूण असू शकते. विश्रांतीने ती क्षणभर थांबली तरी तपासणी टाळू नये. अशा वेळी पुढे चढू नये, एकट्याने उतरू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घाटात फोन लागेलच असे नाही, म्हणून मागे गाडी. आणि एकाची गोळी घरच्यांनी आपल्या मनाने दुसऱ्याला कधीही देऊ नये. माझ्यासमोर रक्तदाबाचा आकडा होता.

मुख्याध्यापक उरलेल्या दोघांसह दुपारच्या आत वर पोहोचले, असे मला फोनवर कळले. वर पोहोचताच ते एकदम थांबले नाहीत. पाच मिनिटे सावकाश चालले. पायांत साठलेले रक्त एकाएकी थांबल्याने वर येत नाही आणि घेरी येते. उतरताना त्यांनी सायकल गाडीत टाकली. संधिवाताने आखडलेल्या बोटांनी तासभर ब्रेक दाबणे आणि त्या वयात पडून खुब्याचे हाड मोडणे, यांचा हिशेब त्यांनी स्वतःच केला होता.

त्यांच्या सूनबाईंना मी संध्याकाळी एक काम सांगितले. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर अशा श्रमानंतर कित्येक तासांनी, मध्यरात्रीसुद्धा, उतरते. तेव्हा जेवण चुकवू द्यायचे नाही, झोपण्यापूर्वी साखर मोजायची आणि उशाशी ग्लुकोजची पुडी ठेवायची. रात्री दहाला त्यांचा फोन आला : साखर एकशे बारा, बाबा घोरत आहेत. एक कप दूध आणि दोन बिस्किटे देण्यापुरते त्यांना उठवा, असे मी सांगितले.